कानशिलावरचा प्रोब

गेल्या महिन्यात रात्री पावणेअकराला मावसभावाचा फोन आला. इतक्या उशिरा तो कधी करत नाही. उचलतानाच पोटात गोळा आला.

"ताई, आईचं बोलणं जड झालंय. उजवा हात लुळा पडल्यासारखा वाटतोय. तोंडपण जरा वाकडं दिसतंय."

"कधीपासून?"

"आत्ताच लक्षात आलं. साडेनऊला माझ्याशी नीट बोलली, गोळ्या घेतल्या नि आडवी झाली. ताई, ऐक ना, मी एक व्हिडिओ पाहिला होता. अल्ट्रासाउंडनं मेंदूतली गुठळी विरघळवतात म्हणे. तू तेच मशीन चालवतेस ना? मग आता रात्रीची धावपळ नको. सकाळी सरळ तुझ्याकडेच आणतो तिला."

मी जवळजवळ ओरडलेच. "सकाळी नाही. आत्ता. आहेस तसा निघ. पाणी पाजू नकोस, ठसका लागेल. कुठलीही गोळी देऊ नकोस, अ‍ॅस्पिरीनसुद्धा नाही. आणि 'साडेनऊ' हे पक्कं ध्यानात ठेव, पोचल्यापोचल्या तेच विचारतील."

तो निघाला. मावशीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री द्यायचं राहून गेलं, आणि तो प्रश्न तसा खुळचट नव्हता. लकव्यात मेंदूची धमनी अडवणारी गुठळी ध्वनिलहरींनी विरघळवायचा प्रयत्न खरोखरच झाला आहे, तोही मोठमोठ्या डॉक्टरांकडून, वीस वर्षं, अनेक देशांत. त्यातला काही काळ मी स्वतः हातात प्रोब, म्हणजे ती लहर सोडणारी कांडी, धरून बसले आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी मेंदूच्या डॉपलरचं, म्हणजे ध्वनिलहरींनी धमन्यांतला रक्तप्रवाह ऐकण्याचं काम करते. ट्रान्सक्रेनियल डॉपलर, आमच्या बोलण्यात नुसतं टीसीडी. कानाच्या थोडं पुढे, डोळ्याच्या कडेपासून मागे जाताना जिथे कवटीचं हाड सगळ्यात पातळ असतं, तिथे जेल लावून पेन्सिलीएवढा प्रोब टेकवायचा. सुरुवात ५० ते ५५ मिलिमीटर खोलीपासून करायची आणि मग केसाएवढा कोन बदलत राहायचं. मनगट हलवायचं नाही, फक्त बोटं. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येते. आणि मग अचानक मधली मेंदूधमनी सापडते. श्शू... श्शू... श्शू... प्रत्येक ठोक्याला आधी झपकन चढणारा आणि मग सावकाश ओसरणारा आवाज. पडद्यावर आलेख दिसतोच, पण आम्ही कानानंच काम करतो. शिकाऊ मुलींना मी पहिले पंधरा दिवस पडद्याकडे बघूच देत नाही.

धमनी बंद असेल तर हा आवाज येत नाही. कधी पूर्ण शांतता. कधी फक्त ठोक्याच्या वेळी एक आखूड, बोथट टप्प, आणि दोन टप्पांच्या मध्ये काहीच नाही. भिंतीवर आपटून रक्त मागे फिरतंय असं वाटतं. या आवाजांना ० ते ५ अशा पायऱ्या दिलेल्या आहेत. शून्य म्हणजे प्रवाहच नाही, पाच म्हणजे निरोगी.

ही तपासणी फार जुनी नाही. कवटीच्या आतल्या धमन्यांचं डॉपलर करता येत नाही, हाड मध्ये येतं, असंच आधी मानत. १९८२ साली रून आस्लिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ मेगाहर्ट्झची लहर वापरून ते करून दाखवलं. पुढे १९९५ मध्ये दुसरी मोठी गोष्ट घडली. अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासातून दिसलं की लकवा सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत टीपीए हे गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून दिलं, तर अपंगत्वाशिवाय बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. (२००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली.) औषध बेतानंच द्यावं लागतं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, त्यातला दहावा भाग एकदम आणि उरलेलं तासभर. कारण हेच औषध मेंदूत रक्तस्रावही करू शकतं. त्या पहिल्या अभ्यासात औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के लोकांना गंभीर रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांत ०.६ टक्के.

तर औषध हातात आलं आणि बंद धमनी कानानं ऐकण्याची सोयही हातात आली. साहजिकच काही ठिकाणी औषधाची ड्रिप चालू असताना डॉक्टर कानशिलावर प्रोब ठेवून बसू लागले. हेतू एवढाच की धमनी कधी उघडते ते कळावं. ह्यूस्टनमध्ये आंद्रेई अलेक्झांड्रोव्ह आणि त्यांचे सहकारी हे करत होते, आणि त्यांच्या ध्यानात आलं की प्रोब सतत ठेवलेल्या रुग्णांच्या धमन्या अपेक्षेपेक्षा जास्त उघडताहेत. २००० साली त्यांनी तसं छापलंही. मग प्रश्न पुढे आला: ऐकण्यासाठी ठेवलेला प्रोबच काही करतोय की काय?

मला ही सगळी हकिगत ऐकीव म्हणून माहीत होती. मग २०१० मध्ये ती माझ्या हातात आली.

सुतारकाम करणारे एक गृहस्थ, पन्नाशीच्या आतबाहेरचे. उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. सीटीत रक्तस्राव नव्हता, वेळ हातात होती. आमच्या न्यूरॉलॉजीच्या मॅडम तेव्हा टीपीए चालू असताना मला प्रोब धरायला सांगत. सिस्टरांनी पहिला डोस दिला आणि मी डाव्या कानशिलावर बसले. ५२ मिलिमीटर. टप्प. टप्प. टप्प. मॅडम पायथ्याशी उभ्या, दर पंधरा मिनिटांनी "हात उचला, माझं बोट दाबा" म्हणत होत्या. तो हात चादरीवर कापडाच्या पिशवीसारखा पडलेला. रंध्याचे घट्टे पडलेला तळवा. मला तो हात अजून दिसतो.

बावीस मिनिटं झाली असतील. टप्पच्या मध्येच एक चिवकल्यासारखा आवाज आला, पाखराच्या पिल्लासारखा. मग आणखी एक. मग तीन-चार पाठोपाठ. गुठळीचे बारीक कण सुटून पुढे वाहत गेले की असा आवाज येतो. मी मॅडमकडे पाहिलं, त्या आधीच ऐकत होत्या. त्यानंतर टप्पला शेपूट फुटलं. बोथट आवाज हळूहळू लांबत गेला, मध्ये एकदा पुन्हा दबला, मग परत वर आला, आणि कधीतरी श्शू... श्शू... सुरू झालं. साधारण पस्तिसाव्या मिनिटाला. "बोट दाबा." त्यांनी दाबलं. तीन बोटांनी आधी, मग मूठ वळली.

माझ्या हाताला रग लागली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. त्या रात्री मी घरी जाऊन सांगितलं की आज मी गुठळी विरघळताना ऐकली.

विरघळवली, असं मी म्हणाले नाही. पण मनात तेच होतं.

यामागे कुठलीही जादू नाही, साधं यंत्रशास्त्र आहे, आणि ते मला फार आवडतं. टीपीए थेट गुठळी खात नाही. रक्तातल्याच एका प्रथिनाला ते जागं करतं आणि ते जागं झालेलं प्रथिन गुठळीतल्या फायब्रिनच्या धाग्यांना कापतं. अडचण अशी की बंद धमनीत प्रवाहच नसतो. औषध गुठळीच्या तोंडाशी येऊन साचून राहतं आणि जाळ्यात मुरत मुरत आत जातं. लहर तिथे पोचली की त्या साचलेल्या द्रवात सूक्ष्म भोवरे उठतात. रक्त ढवळलं जातं, औषधाचा ताजा भाग जाळ्याला भिडतो, धागे किंचित सैल होतात आणि आत शिरायला वाट मिळते. पाण्यात टाकलेली साखर चमच्यानं ढवळावी तसं. निदानाच्या ताकदीचा अल्ट्रासाउंड गुठळी फोडत नाही, हे मी नातेवाइकांना आवर्जून सांगते. मूतखडा फोडतात तशी ही गोष्ट नाही. औषध नसेल तर त्या लहरीला ढवळायला फारसं काही उरत नाही.

हे खरं की नाही ते तपासायला अलेक्झांड्रोव्ह यांच्या गटानं नीट प्रयोग रचला. क्लॉटबस्ट असं त्याचं नाव, नोव्हेंबर २००४ मध्ये तो छापून आला. १२६ रुग्ण, सगळ्यांची मधली मेंदूधमनी बंद, सगळ्यांना टीपीए. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, ६३ आणि ६३. एका गटाला दोन तास सलग २ मेगाहर्ट्झची लहर, दुसऱ्याला नाही. दोन तासांच्या आत धमनी पूर्ण उघडणं किंवा रुग्णात ठळक सुधारणा होणं हे लहरीच्या गटात ४९ टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के. गंभीर रक्तस्राव दोन्हींकडे सारखाच, तीन-तीन जणांना. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेले ४२ टक्के विरुद्ध २९ टक्के. हा शेवटचा फरक दिसायला मोठा असला तरी माणसं इतकी थोडी होती की तो योगायोगही असू शकला असता.

आमच्या मॅडमनी या निबंधाची छायाप्रत प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवली होती. तिचे कोपरे पिवळे पडेपर्यंत ती तिथे होती.

यानंतर लोक दोन वाटांनी पुढे गेले आणि दोन्हींकडे ठेच लागली.

पहिली वाट कमी वारंवारितेची. २ मेगाहर्ट्झच्या लहरीचा बराचसा भाग हाडातच जिरतो. ३०० किलोहर्ट्झची लहर हाडातून सहज जाते, मग ती का नको? जर्मनीत हा प्रयोग झाला, २००५ मध्ये त्याचा निकाल छापला गेला. २६ रुग्णांवरच तो थांबवावा लागला. लहर दिलेल्या १४ पैकी १३ जणांच्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाच्या खुणा होत्या, त्यातल्या ५ जणांना त्याचा प्रत्यक्ष त्रास झाला. नुसतं औषध मिळालेल्या १२ पैकी ५ जणांत खुणा होत्या. मऊ ऊतीत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५४० मीटर, म्हणजे ३०० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५ मिलिमीटर. कमी जिरणारी अशी लहर समोरच्या हाडावर आपटून परत येते, येणाऱ्या लहरीत मिसळते आणि काही जागी तिचा जोर वाढून तिथेच ठाण मांडतो. रक्तस्रावामागे असंच काहीतरी असावं असं संशोधकांनी मांडलं. गुठळीपासून लांब, निरोगी भागातही रक्त आलं होतं, त्यामुळे हे पटतं. मला हा निबंध वाचताना रात्री झोप लागली नव्हती. आपण जी वस्तू इतक्या विश्वासानं माणसाच्या डोक्याला लावतो, तिची वारंवारिता बदलली तर ती हे करू शकते.

दुसरी वाट सूक्ष्म बुडबुड्यांची. हृदयाच्या सोनोग्राफीत चित्र ठळक दिसावं म्हणून वापरतात तेच वायूचे बुडबुडे, तांबड्या पेशीएवढे किंवा त्याहून लहान. लहरीत ते आकुंचन-प्रसरण पावतात आणि ढवळण्याचं काम कितीतरी पटीनं वाढवतात. बार्सिलोनात कार्लोस मोलिना यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं की औषध, लहर आणि बुडबुडे तिन्ही मिळालेल्यांत दोन तासांत सुमारे ५५ टक्के धमन्या पूर्ण उघडल्या, औषध आणि लहर मिळालेल्यांत सुमारे ४१ टक्के, नुसत्या औषधानं सुमारे २४ टक्के. केवढी आशा वाटली होती तेव्हा! पण २००९ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात नव्या प्रकारच्या बुडबुड्यांचा डोस वाढवला आणि त्या गटातल्या ११ पैकी ३ जणांना गंभीर रक्तस्राव झाला. प्रयोग थांबला. नॉर्वेत पुढे १८३ रुग्णांवर बुडबुडे वापरून झालेल्या अभ्यासात धोका दिसला नाही, पण फायदाही दिसला नाही.

आता माझ्या कामाशी सगळ्यात जवळचा भाग.

कानशिलावर प्रोब धरून दोन तास बसणारं माणूस किती ठिकाणी मिळणार? रात्री तीन वाजता मिळणार का? हे कौशल्य यायला वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणून डोक्याला बांधायचं एक साधन बनवलं गेलं. त्यात दोन्ही कानशिलांवर आणि मानेच्या वर येतील असे बरेच छोटे प्रोब बसवलेले होते. ते बांधायचं आणि चालू करायचं, धमनी शोधायची गरज नाही. हे साधन घेऊन क्लॉटबस्टचाच मोठा भाऊ शोभेल असा अभ्यास ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झाला. १४ देश, ६७६ रुग्ण. सगळ्यांच्या डोक्याला साधन बांधलेलं, पण अर्ध्यांच्या साधनातून लहर निघतच नव्हती, आणि कोणाचं चालू कोणाचं बंद हे उपचार करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. याहून स्वच्छ तुलना करता येत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये तो मधेच थांबवला. धोका होता म्हणून नव्हे. आतापर्यंतचे आकडे पाहता फायदा दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. २०१९ मध्ये पूर्ण निकाल छापला: ९० दिवसांनी रुग्ण किती स्वावलंबी आहेत यात दोन गटांत फरक नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या लकव्याच्या (स्ट्रोकच्या) मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं गेलं की औषधाच्या जोडीला अल्ट्रासाउंड वापरण्याची शिफारस नाही.

मी तो निकाल वाचला त्या दिवशी मला त्या सुतारकाकांचा हात आठवला. बावीस मिनिटं, चिवचिव, पस्तिसावं मिनिट. ते काय होतं मग?

खूप दिवस मी त्याच्याशी झगडत होते. आमच्याकडेच मी ज्यांना प्रोब लावला नव्हता, ज्यांना नुसतं टीपीए मिळालं, अशा एका बाईंना मी दुसऱ्या दिवशी तपासलं होतं. धमनी उघडलेली, श्शू श्शू खणखणीत. त्यांच्या बाबतीत मी ऐकायला बसले नव्हते एवढंच. औषध त्यांच्यातही तेच करत होतं. ज्या गोष्टीपाशी आपण हजर असतो ती आपल्यामुळे घडली असं वाटणं किती सोपं आहे, हे मला त्या बाईंनी शिकवलं.

आणि याच्या उलटही मी पाहिलं आहे. एक तरुण मुलगा, तिशीचाही नसेल. घरचे आधी जवळच्या एका दवाखान्यात गेले होते, तिथे "थकवा आहे, झोपू द्या" म्हणून सलाईन लावून ठेवलं. आमच्याकडे आला तेव्हा साडेचार तासांना जेमतेम पंचवीस मिनिटं उरली होती. औषध दिलं, मी प्रोब धरला, तासाभरात आवाज उघडला. अगदी पाचाच्या पायरीचा. मॅडम म्हणाल्या, "हात उचल." हात उठला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही. धमनी उघडली होती, पण तिच्या पलीकडे रक्ताची वाट पाहणारा मेंदूच उरला नव्हता. मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असा एक प्रसिद्ध हिशेब आहे. त्या दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटलीला किती मिनिटं लागली असतील, हे गणित मी एकदा केलं आणि परत कधी केलं नाही.

म्हणून क्लॉटबस्टमधले ४९ आणि ३० हे आकडे मला आता वेगळे दिसतात. ते मुख्यतः धमनीबद्दल आहेत. मोठ्या अभ्यासानं माणसाबद्दल विचारलं.

तरी मला त्या मोठ्या अभ्यासाबद्दल एक गोष्ट बोलायची आहे, कारण मी हे काम हातानं करते. २००४ मध्ये शिकलेल्या माणसानं कानानं गुठळीची जागा शोधून लहर नेमकी तिच्यावर रोखली होती. साधनात लहर अंदाजानं सोडलेली होती. रुग्णही मुख्यतः लक्षणांच्या तीव्रतेवरून निवडलेले, प्रत्येकाची मोठी धमनी बंद असल्याची आधी खात्री करून नव्हे. प्रोब दोन मिलिमीटर सरकला की माझा आवाज जातो, मग लहर गुठळीवर पडत होती हे कशावरून? माझं हे म्हणणं मी मॅडमना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "असेल. पण मग तसा प्रयोग करून दाखवायला हवा. तोवर रुग्णाला आपण काय सांगणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे उपचार म्हणून प्रोब धरणं तेव्हाच बंद झालं आणि ते योग्यच झालं.

शिवाय तोवर दुसरीच दारं उघडली होती. २०१५ या एकाच वर्षात पाच अभ्यासांनी दाखवून दिलं की मोठी धमनी बंद असेल तर जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढणं हा फार मोठा फायद्याचा उपचार आहे. पाचही एकत्र करून १२८७ रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ४६ टक्के निघाले, एरवीच्या उपचारानं २६.५ टक्के. थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात त्याला. २०१८ पासून तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही ती करतात. ही नळी घालतात त्या कॅथलॅबमध्ये मी पहिल्यांदा गुठळी पाहिली ती पांढऱ्या कापडावर ठेवलेली. नखाएवढी लांब, उदबत्तीच्या काडीएवढी जाड, काळपट तांबडी, एका टोकाला पिवळसर. चिमट्यानं दाबली तर रबरासारखी. इतकी वर्षं जिला मी फक्त टप्प म्हणून ओळखत होते ती ही. तिचा चिवटपणा बघून मला कळलं की हिला ढवळून विरघळवायचं म्हणजे काय मागत होतो आपण.

ध्वनिलहरींची गोष्ट इथे संपलेली नाही, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. युरोपातल्या १६ केंद्रांत १००४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२५ मध्ये छापून आला. मानेतल्या अरुंद झालेल्या धमनीची शस्त्रक्रिया चालू असताना डोक्याला २ मेगाहर्ट्झची लहर देत राहिलं, तर पुढच्या तीस दिवसांत लकवा, तात्पुरता लकवा किंवा मृत्यू यांचं प्रमाण २.२ टक्के राहिलं, न दिलेल्यांत ७.६ टक्के. इथे गुठळी जुनी, घट्ट, धमनी पूर्ण अडवून बसलेली नसते. शस्त्रक्रियेत सुटणारे ताजे बारीक कण असतात. सुतारकाकांच्या धमनीत चिवकत गेलेल्या कणांसारखे. तीच लहर आणि तीच ताकद, काम मात्र हलकं आणि नेमकं. हा निबंध मी छापून घेतला आहे. भिंतीवरच्या जुन्या कागदाची जागा रिकामी होती.

आता मावशी.

मावसभाऊ तिला घेऊन अकरा वीसला पोचला. दारातच त्यानं "साडेनऊ, साडेनऊला नीट होती" म्हणून सांगितलं. सीटी झाला, रक्तस्राव नव्हता. धमन्यांच्या सीटीत डाव्या बाजूची एक लहान फांदी बंद दिसली, नळी घालून काढण्याजोगी नव्हती. बारा वाजायला पाच मिनिटं असताना औषध सुरू झालं. मी तिथे रात्रभर होते, पण प्रोब हातात घेतला नाही. नुसती तिच्या पायाशी बसून ड्रिपचे थेंब बघत होते. मावसभाऊ एकदा माझ्याकडे आणि एकदा कोपऱ्यातल्या मशीनकडे बघे. दोनच्या सुमारास त्यानं विचारलंच, "ताई, ते लावायचं नाही का?" मी त्याला बाहेर नेऊन या सगळ्यातलं जमेल तेवढं सांगितलं. सकाळपर्यंत मावशीचा हात कोपरातून उचलायला लागला. शब्द अडखळत होते, पण येत होते.

तिसऱ्या दिवशी नेहमीची तपासणी म्हणून तिचं टीसीडी माझ्याकडे आलं. मी डाव्या कानशिलाला जेल लावलं. ५२ मिलिमीटर. खरखर. कोन बदलला, वर गेले, कानाच्या अगदी जवळ आले, ताकद वाढवली. खरखर. उजवीकडे फिरले. तिथेही तेच. वयस्कर बायकांत बऱ्याचदा असं होतं, हाड जाड होतं आणि लहर आत जातच नाही. मी तिचा सीटी पडद्यावर उघडून पाहिला. कानशिलापाशी पांढरा जाड पट्टा. त्या रात्री मी कितीही प्रोब धरला असता, तरी तिच्या गुठळीपर्यंत काहीही पोचलं नसतं.

"काय... ऐकू... येतंय गं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही मावशी. हाड जाड आहे तुझं, आवाज आत जात नाही."

अहवालात मी लिहिलं, "दोन्ही बाजूंना टेम्पोरल विंडो उपलब्ध नाही." टिश्यूचा डबा घ्यायला वळले तेवढ्यात मावशीनं स्वतःच उजवा हात उचलला होता. जेल पुसायला डाव्या कानशिलाकडे नेत होती. पहिल्या वेळी बोटं गालावर गेली. दुसऱ्या वेळी बरोबर पोचली.